आमची वाटचाल : पाट्यांपासून शॉकअपपर्यंत

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुकान थाटलं ते पाट्यांच्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्यांच्या कामासाठी. ट्रकचे पाटे, उसाच्या ट्रॉलीचे पाटे, वडापच्या जीपचे पाटे. गळीत हंगामात भट्टीला उसंत नसायची. गाडी दारात लागली की वडील आधी विचारायचे, काय वाहतेस आणि किती वाहतेस? उत्तर मिळाल्याशिवाय पाट्याला किती बाक द्यायचा हे ते ठरवत नसत. आज आमच्याकडे भट्टी नाही, पण तो प्रश्न अजून विचारला जातो.

मी धंद्यात आलो तोवर मोटारगाड्या वाढल्या होत्या आणि बहुतेकींना पाटे नव्हतेच. कॉइल स्प्रिंग, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), बुश (जोडातलं रबरी अस्तर) यांचं काम शिकलो, दोन पोरं हाताशी घेतली. पुढे हौशी मंडळींच्या, आखूड स्प्रिंग टाकून खाली केलेल्या गाड्या यायला लागल्या, बऱ्याचदा एकच तक्रार घेऊन: मागून गाडी उड्या मारते. हे काम आम्ही मन लावून शिकलो आणि आज बाहेरगावाहून लोक त्यासाठीच येतात.

शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. शॉकअप स्प्रिंगची उसळी जिरवतो. आतलं तेल पिस्टनच्या बारीक झडपांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. आखूड स्प्रिंग टाकून मूळ शॉकअप तसाच ठेवला, की त्याची दांडी कायम निम्मी आत गेलेली राहते. दबायला जागाच उरत नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे. गावोगावी तसा क्वचितच सापडतो. मागे तीन माणसं, डिकीत सामान आणि पुढे मापाबाहेरचा उंचवटा, म्हणजे दणका थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी आडव्या येणाऱ्या रबरी ठोकळ्यावर. रबराचे तुकडे होतात, शॉकअपचं सील तेल सोडतं. शिवाय आखूड स्प्रिंग जास्त कडक असते. तिची परतीची उसळी धरणं जुन्या शॉकअपच्या आवाक्यात नसतं.

शॉकअप तपासायला बंपर दाबून बघायची पद्धत इथे उपयोगाची नाही. कडक स्प्रिंग हाताने दबत नाही, त्यामुळे गेलेला शॉकअपही धडधाकट वाटतो. आम्ही टायरवर तळहात फिरवतो. रबरात उंचसखल लाटा लागल्या तर चाक रस्त्यावर टिकत नाही हे कळतं. मग शॉकअपचं कवच बघतो. थोडी ओलसर धूळ चालते, तेलाचा ओघळ चालत नाही.

सगळ्यात जास्त हात बसला तो फोक्सवॅगन पोलोवर. चाकणला तयार झालेली ही गाडी हौशी लोकांची फार लाडकी. तिच्या मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, म्हणून काम सोपं दिसतं. पण गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) चढवल्यावर एक्सलला खाली जाण्यापासून शॉकअपच अडवत असतो. जॅकचा आधार न देता खालचा बोल्ट काढला तर एक्सल लोंबतो, ब्रेकच्या होजवर (तेलाच्या नळीवर) ताण येतो, आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटते. नव्या शॉकअपची दांडी पकडीने धरायची नाही. क्रोमवर एक ओरखडा गेला तरी सील फाटायला तेवढा पुरतो. आणि खालचा बोल्ट शेवटचा घट्ट करायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच. लोंबत्या अवस्थेत आवळला तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं. खाली केलेल्या गाडीत हा पीळ आणखी मोठा. आमच्याकडे हे काम मामा करतात. वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री, आणि नव्या पोराला पहिला धडा याच बोल्टचा देतात.

शॉकअप आम्ही जोडीनेच बदलतो, आणि आखूड स्प्रिंग असेल तर आखूड दांड्याचाच. बिलस्टाइन कंपनीचा बी८ शॉकअप अशाच गाड्यांसाठी बनतो. तो परवडत नसेल तर मूळ स्प्रिंग आणि मूळ शॉकअप परत बसवून देतो. यातलं काहीच नको असेल तर काम घेत नाही. कापलेली स्प्रिंग दिसली तरीही नाही, कारण कापलेलं टोक बैठकीत बसत नाही. या नियमापायी सुरुवातीला बरीच गिऱ्हाइकं गेली, घरात चिंता होती. तरी नियम बदलला नाही, कारण त्या मागच्या सीटवर कुणाची तरी पोरं बसणार असतात.

गाडी नव्याने खाली करून द्यायचं काम आम्ही करत नाही. तसा विचार असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा आणि आरटीओत विचारून घ्या, हे आवर्जून सांगतो.

काम झालं की मागे माणसं बसवून गगनबावड्याच्या रस्त्यावर फेरी. एकटा चालक बसवून घेतलेली चाचणी आम्ही धरत नाही.

फोन करण्याआधी दोन गोष्टी तयार ठेवा. स्प्रिंगवर छापलेला नंबर, आणि गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंचं. आणि मागे साधारण किती माणसं बसतात, तेही सांगा.