क्रूआखनला जाताना: आधी धरण, मग गुहा

स्कॉटलंडमधला क्रूआखन उदंचन जलविद्युत प्रकल्प (जादा वीज असली की पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवायचं, गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची) पाहायचा तर आधी वरच्या धरणापर्यंत चढावं. ग्लासगो–ओबान रेल्वेमार्गावरचं ‘फॉल्स ऑफ क्रूआखन’ स्टेशन प्रकल्पाला लागूनच आहे, पण गाड्या तिथे फक्त उन्हाळी हंगामात, दिवसाउजेडी थांबतात. एरवी ए-८५ रस्ता. झाडीतली पायवाट सुरुवातीपासूनच खडी आहे आणि पुढे दलदल लागते, म्हणून पाणी न शिरणारे बूट हवेतच.

धरण ३१६ मीटर लांब. तिथून खाली लॉख ऑ हे सरोवर दिसतं, पाणी तिथूनच वर चढतं आणि तिथेच उतरतं, आणि हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो: १ घनमीटर पाणी ३६७ मीटर उतरलं की १ युनिट ऊर्जा. इथला उतार साधारण तेवढाच आहे. जलाशय सुमारे १ कोटी घनमीटरचा. घट आणि न वापरता येणारं पाणी वजा जाता ७० लाख युनिट हाती लागतात, म्हणजे ४४० मेगावॉटने १६ तास.

हे १६ तास फार महत्त्वाचे. वारा जोरात असला की इंग्लंडकडे जाणाऱ्या पारेषण वाहिन्या भरतात आणि उत्तरेकडच्या पवनचक्क्या थांबवाव्या लागतात. क्रूआखन या कोंडीच्या अलीकडे, वाऱ्याच्या बाजूला आहे, म्हणून तेव्हा पंप चालवून जादा वीज इथेच मुरवता येते. पण वारा तीन दिवस टिकला तर जलाशय पहिल्याच दिवशी काठोकाठ भरतो. त्यामुळे वाऱ्याचा अंदाज येताच तो आधी रिकामा करून ठेवावा लागतो. कोंडी असताना इथून वीजनिर्मिती केली, तर उलट तीच वाढते. शिवाय चार युनिट खर्चून पाणी चढवलं तर जेमतेम तीन परत मिळतात. तरी वाऱ्याची वीज वायाच जाणार असेल, तर हा सौदा फायद्याचाच.

दुसरी अडचण यंत्रांची. एकाच वेगाने फिरणारा पंप पूर्ण भारावर चालतो किंवा बंद राहतो. प्रत्येक संच (पंप आणि जनित्र दोन्ही कामं करणारं यंत्र) शंभरेक मेगावॉटचा, त्यामुळे ५० मेगावॉट जादा वीज एकट्याने उचलता येत नाही. वेग बदलणाऱ्या संचांना म्हणूनच मोल आहे.

ही यंत्रं डोंगराच्या पोटातल्या गुहेत आहेत; तिथे जाणं मार्गदर्शकाबरोबरच. सहली चालू आहेत ना, हे निघण्यापूर्वी विचारून जागा राखून ठेवावी. बोगदा सुमारे १ किलोमीटर. आत ऊबदार असतं, जाड कोट काढून हातात घ्यावा लागतो. यंत्रदालनात एक प्रश्न जरूर विचारा: आत्ता कोणता संच हवेत फिरतोय? दाबाच्या हवेने पाणी खाली ढकलून चाक कोरडं फिरवतात. त्यासाठी थोडीच वीज लागते, पण ग्रिडचा व्होल्टेज सावरतो आणि जडत्व मिळतं, म्हणजे फिरत्या वजनामुळे ग्रिडची वारंवारता एकदम ढळत नाही. त्या स्थितीतून पूर्ण निर्मितीला सुमारे अर्धं मिनिट लागतं, थांबलेल्या संचाला साधारण दोन मिनिटं.