सही आईची, गुण लेकीचे

गेल्या मंगळवारी कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात मला सांगितलं की माझ्या मुलीचे गुण त्या मला सांगू शकत नाहीत. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या डब्यात काय द्यायचं ते अजून मी ठरवते.

लेक अकरावीत. इथे कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांना शाळा चालू असतानाच कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) पहिल्या वर्षाचे विषय घेता येतात. ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात त्याला. आपल्या मंडळींत हा विषय निघतो तो गणित नाहीतर कोडिंगच्या संदर्भात. दिवाळी फराळाला एकाच्या मुलाने कॅल्क्युलस संपवलेलं असतं, दुसऱ्याच्या मुलीचं डेटा स्ट्रक्चर्स चालू असतं. आम्ही घेतलं ड्रॉइंग. 'हो का? छान,' म्हणून लोक चकलीकडे वळले.

आता खरं सांगायचं तर आमचाही हिशेबच होता. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रवेशासाठी 'ए टू जी' अशी विषयांची यादी पुरी करावी लागते. त्यातला 'एफ' म्हणजे कला, एक वर्ष सक्तीची. पण कॉलेजात तीन युनिटांचा (युनिट म्हणजे विषय किती मोठा ते मोजायचं माप) एका सेमिस्टरचा विषय केला की तो हायस्कूलच्या अख्ख्या वर्षाइतका धरतात, आणि तिथे 'ए' मिळाली तर सरासरी काढताना तिचे चारऐवजी पाच गुण धरतात. म्हणजे कला चार महिन्यांत उरकते आणि शाळेत केमिस्ट्रीला जागा होते. 'उरकते' हा शब्द माझाच. आणि मी कोल्हापूरची, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेली.

पैशाचं म्हणाल तर एका युनिटला 46 डॉलर, तिनाचे 138. शाळकरी मुलांना आमच्या कॉलेजात तेही माफ. खर्च झाला तो सामानाचा: अठरा बाय चोवीस इंचांचे कागदी गठ्ठे, चारकोलच्या कांड्या, आणि कणकेसारखा मळत बसायचा एक करडा खोडरबर. कॅमलची पेटी घेऊन परीक्षेला बसलेल्या बाईला हा खोडरबर बघून जरा हेवा वाटला, हे कबूल करते.

वर्गात हिच्या एका बाजूला निवृत्त बस ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून थेट येणारी नर्स. पहिला पंधरवडा कागदाकडे न बघता फक्त वस्तूची कड काढायची. मग वस्तू सोडून वस्तूंच्या मधली रिकामी जागा काढायची. आम्हाला सरांनी स्थिरचित्रात तांब्या-पेला असा काही घटवून घेतला होता की मी आजही डोळे मिटून तांब्या काढते. हिला तांब्या जमत नाही. तांब्याभोवतीची हवा मात्र बरोबर येते. आमची पद्धत वाईट होती असं मी मुळीच म्हणणार नाही. कर्तव्यभूमितीने हाताला जी शिस्त लागते ती यांच्या कुठल्या वर्गात लागत असेल तर दाखवा.

तर गुण. कॉलेजची श्रेणी कायमची नोंदवली जाते. पुढे कुठेही अर्ज करा, ही नोंद दाखवावीच लागते. अमुक तारखेपर्यंत विषय सोडला तर श्रेणीऐवजी नुसता 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागतो, नंतर जे पडेल ते पदरी. ती तारीख होती शुक्रवार. ऑक्टोबरपासून 'कसं चाललंय?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळत होतं: 'बरं.' शाळेच्या ॲपवर मला तिची प्रत्येक चाचणी दिसते (रोज बघत नाही मी, एक दिवसाआड बघते). कॉलेजचे गुण मात्र 'कॅनव्हास'वर. चित्राचा कॅनव्हास नव्हे, त्यांच्या संकेतस्थळाचं नावच तसं आहे, आणि पासवर्ड लेकीचा. म्हणून ऑफिसातून लवकर निघून मी त्या खिडकीपाशी गेले.

'फर्पा,' बाई म्हणाल्या. मला वाटलं एखादा अर्ज असेल. तो 1974 चा कायदा निघाला. मूल अठराचं झालं किंवा कॉलेजात शिकायला लागलं, मग वय काहीही असो, की त्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. 'विद्यार्थिनीने संमतीपत्र भरून दिलं तर सांगू,' बाई हसून म्हणाल्या. विद्यार्थिनी! मी म्हटलं, प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही घेतलीत ती कशाला? 'ती प्रवेशासाठी, मॅम.'

पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडीत बसून राहिले. आपल्याकडे दहावीचा निकाल बोर्डाच्या संकेतस्थळावर बघायचा तर बैठक क्रमांकाबरोबर आईचं नाव टाकावं लागतं. आईचं नाव हीच किल्ली! इथे आईच कुलपाबाहेर. माझ्या वेळी तर माझा नंबर गल्लीत सगळ्यांना पाठ होता, मला कळायच्या आधी समोरच्या काकू पेढे मागायला दारात. त्याचा त्रास व्हायचा, नाही असं नाही. पण कोणीतरी विचारतंय ही एक ऊबही असायची. आणि माझे गुण अण्णांना माहीत होते म्हणूनच मी इंजिनिअर झाले. गणितात इतके पडल्यावर चित्रकलेचं कॉलेज कोण निवडू देणार? अण्णांचं चुकलं असं मला वाटत नाही. घराचे हप्ते त्याच गणितावर चाललेत.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'अगं, पण फी कोण भरतंय?' मी म्हटलं, फी नाही. 'मग तू कशाच्या जिवावर भांडतीस?'

शुक्रवार उलटला. लेकीने विषय सोडला नाही, एवढं कळलं. शनिवारी तिची मोठी फाइल सोफ्यावर उघडी पडली होती, म्हणून पाहिली. नऊ पायऱ्यांची करड्या रंगाची पट्टी, एक खुर्ची, आणि मग एक पूर्ण पान हात. फोन धरलेला, अंगठा स्क्रीनवर, करंगळीला माझी अंगठी. खाली लाल पेन्सिलीत प्राध्यापकांचं काहीतरी लिहिलेलं होतं. तेवढ्यात ती आली आणि फाइल मिटली.

काल टेबलावर पुढच्या सत्राचा अर्ज ठेवून गेली. सिरॅमिक्स. 'एफ' तर याच सत्रात पुरा होतोय, म्हणजे आता मातीकाम कशासाठी, याला यादीत कारण नाही. पालकाच्या सहीची जागा रिकामी. मी म्हटलं, 'आधी ड्रॉइंगची ग्रेड सांग, मग सही.'

'आई, फर्पा,' ती म्हणाली, आणि पेन शोधून माझ्यासमोर ठेवलं.