तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजात दळलेलं पीठ

आमच्याकडे जेवून गेलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतंच. पोळी खाताना नाही, निघताना, चपला घालता घालता. "वहिनी, पोळ्यांना पीठ कुठलं वापरता? इंडियन स्टोअरमधलं नाही वाटत." मी सांगते, लॅट्रोबच्या कॉलेजातलं. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॉलेज पीठ कशाला विकतं?

दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्ग शहराच्या पूर्वेला, डोंगर सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, लॅट्रोब हे गाव आहे आणि त्याच्या कडेला सेंट व्हिन्सेंट कॉलेज. विद्यार्थी साधारण दीड हजार. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त पोरं असतात. इथल्या लोकांना ते माहीत असतं ते फुटबॉलमुळे, कारण पिट्सबर्गचा अमेरिकन फुटबॉल खेळणारा स्टीलर्स हा संघ १९६६ पासून उन्हाळी सरावाला तिथे येतो. नाहीतर फ्रेड रॉजर्समुळे. लहान मुलांशी टीव्हीवरून इतक्या मायेनं बोलणारा तो माणूस मूळचा लॅट्रोबचा, आणि त्याची कागदपत्रं या कॉलेजानं जपली आहेत. मी मात्र पहिल्यांदा गेले ती दळणासाठी.

कॉलेजला लागून बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाचा मठ आहे आणि आवारात त्या मठाची गिरणी, १८५४ साली बांधलेली. ती अजून दळते. पीठ कागदी पिशवीतून मिळतं. पहिली पिशवी मी गाडीतच उघडली होती. कराडला आमची आई गिरणीतून आलेल्या डब्यात हात घालून पीठ चिमटीत धरायची, अंगठ्यानं बोटावर घासायची आणि सांगायची, "जाडं आलंय" किंवा "आधी कुणाची तरी ज्वारी दळलेली दिसतेय." मीही तसंच केलं. कोंडा बोटाला लागला. नुसत्या पांढऱ्या भुकटीला लागत नाही तसा, दगडावर दळलेल्या गव्हाचा. त्या वासानं मी पार्किंगमध्ये बराच वेळ बसून राहिले.

आता कॉलेजकडे येते.

जर्मनीतल्या बव्हेरियात मेटन नावाचा जुना मठ होता. १८०३ मध्ये सरकारनं तिथले मठ बंद करून मालमत्ता जप्त केली, त्यात तोही गेला. १८३० मध्ये राजा पहिला लुडविग यानं तो पुन्हा सुरू करवला. दोनच वर्षांनी तिथे एक तरुण पाद्री दाखल झाला, बोनिफेस विमर. शांत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. अमेरिकेत जर्मन शेतकरी आणि मजूर लोंढ्यानं जात होते, त्यांच्या भाषेत बोलणारा धर्मगुरू त्यांना मिळत नव्हता. युरोपातून किती जण पाठवणार? विमरचं म्हणणं असं की तिथेच मठ काढा, तिथेच शाळा काढा, तिथल्याच मुलांना शिकवून तयार करा. १८४५ मध्ये त्यानं हे वर्तमानपत्रात निनावी लिहिलं आणि पुढच्या वर्षी स्वतःच निघाला.

बरोबर अठरा जण. मला या अठरा जणांबद्दल फार वाटतं. त्यातले चौघे शिकणारे विद्यार्थी होते, बाकीचे चौदा हातांनी काम करणारे. दीक्षा घेतलेला मठवासी त्यात एकही नव्हता. १६ सप्टेंबर १८४६ ला ते न्यूयॉर्कला उतरले आणि १८ ऑक्टोबरला आज कॉलेज आहे त्या टेकाडावर पोचले. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर संपत आला की पहाटे काचेवर दव गोठायला लागतं, हे मी दरवर्षी बघते. पुढे अख्खा हिवाळा, शेत दुसऱ्यांच्या देशातलं, भाषा परकी. पोचल्यावर सहाच दिवसांनी विमरनं त्यांना मठाची वस्त्रं दिली. अमेरिकेतला पहिला बेनेडिक्टाइन मठ सुरू झाला तो असा, आणि कॉलेजही आपलं वय त्याच सालापासून मोजतं.

मग गिरणी कशाला, याचं उत्तर त्याहूनही जुनं आहे. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या सहासष्टाव्या प्रकरणात म्हटलं आहे की मठ शक्यतो असा बांधावा की पाणी, गिरणी, बाग आणि निरनिराळे कारागिरीचे उद्योग आवारातच असावेत. गिरणीचं नाव घेऊन सांगितलं आहे! त्याच नियमावलीत दिवसाचे तास वाटून दिलेत: इतका वेळ हातांचं काम, इतका वेळ वाचन. शेत, गिरणी, वीटभट्टी आणि लॅटिनचा वर्ग एकाच आवारात असणं या लोकांना मुळीच विचित्र वाटलं नसणार. कॉलेज पीठ विकत नाही, खरं तर. पीठ दळणाऱ्या लोकांनी कॉलेज चालवलं.

त्या लोकांत दोन प्रकार होते. फादर, म्हणजे शिकवणारे, आणि ब्रदर, म्हणजे राबणारे. इतिहासात पहिल्यांची नावं भरपूर येतात. दुसऱ्यांनी काय केलं ते मात्र आजही डोळ्यांना दिसतं. १८९२ ते १९०५ अशी तेरा वर्षं बांधलेली तिथली बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, जाऊन बघा. एवढ्याशा गावात लाल विटांचं इतकं प्रचंड देऊळ (मी देऊळच म्हणते), आणि विटा तिथल्याच मातीच्या.

विमरला नुसती गिरणी आणि नुसतं पाठांतर पुरेसं वाटत नव्हतं. राजा लुडविगला लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो की जी मठशाळा ज्ञान आणि धर्म यांच्याइतकंच लक्ष कलेकडे देत नाही ती अपुरी. आधी गरजेचं, मग उपयोगाचं, मग सुंदर, हा त्याचा क्रम. भोवती चिखल असताना तो राजाकडे चित्रं मागत होता. मला हे वाचून त्याच्याबद्दल खरा आदर वाटला. कॉलेजला राज्याची सनद मिळाली १८७० मध्ये. १८८७ मध्ये विमर वारला, तोवर त्याच्या माणसांनी मिनेसोटा, कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायनात जाऊन मठ काढले होते. त्या तिन्ही ठिकाणी आज कॉलेजं चालू आहेत.

त्याचं सगळंच मला पटत नाही. विमरला मठात बीअर गाळायची होती, पण त्याला पिट्सबर्गचे बिशप मायकेल ओकॉनर यांचा कडक विरोध होता, ते दारूबंदीवाले. तो वाद पार रोमपर्यंत गेला. ते एक वेळ सोडून देऊ. पण १८५२ मध्ये बव्हेरियातून त्याच पंथाच्या सिस्टर आल्या, बेनेडिक्टा रीप यांच्या पुढाकारानं, तेव्हा त्यांच्या मठांवर हुकूम कोणाचा यावरून विमरनं त्या बाईंना फार त्रास दिला. जो माणूस बिशपपुढे आपल्या स्वातंत्र्यासाठी इतका झगडला, त्याला दुसऱ्याचं स्वातंत्र्य दिसू नये याचं मला वाईट वाटतं.

आणि मुलींना या कॉलेजात प्रवेश मिळाला तो १९८३ मध्ये. मोजून बघा, १३७ वर्षं. त्याआधी १९६३ च्या जानेवारीत मोठी आग लागून बऱ्याच इमारती गेल्या होत्या, त्या त्यांनी पुन्हा उभ्या केल्या. मुलींना दार उघडायला मात्र त्यानंतरही वीस वर्षं लागली.

आमची लेक तिथेच शिकली. "मठाच्या कॉलेजात का घातलंत?" हेही मला विचारलं गेलं. विषय तिचा रसायनशास्त्र, पण तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र कुणालाच चुकत नाही तिथे. काळा झगा घातलेले एक वयस्कर फादर तिला तत्त्वज्ञान शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, तुमच्याकडे या प्रश्नावर काय म्हणतात? तिला सांगता येईना. त्या रात्री तिनं आजोबांना कराडला फोन लावला आणि तास-दीड तास दोघं आत्मा म्हणजे काय यावर बोलत बसली. आजोबांचा आवाज इतका खूश मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. चार वर्षं ती सुट्टीला घरी येताना धुण्याच्या पिशवीबरोबर पिठाची पिशवीही आणायची.

तर पीठ त्या गिरणीतलं. तुम्ही आणलंत तर डब्यात बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. गव्हाचा अंकुर त्यात राहिलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात लवकर खवट होतं. कोंडा चाळून टाकू नका. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि अर्धा तास जास्त मुरू द्या, पाणी प्यायला वेळ लागतो तिला. पहिल्या दोन पोळ्या कडेला फाटतील, मग हात बसतो.