रक्त तपासून कॅन्सर परत येणार का ते कळतं म्हणे

मामांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आणि केमो झाल्यापासून आमच्या घरात दर तीन महिन्यांनी एकच विषय, सीईए किती आला. सीईए म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रोटीन. राजारामपुरीतल्या लॅबचा रिपोर्ट मोबाईलवर पडला की मामी चष्मा लावून आधी आकडा शोधणार, पाचच्या आत असला की मगच चहाचं आधण. ही टेस्ट तशी जुनीच, सीईए सापडलं १९६५ ला, आणि भरवशाची म्हणाल तर अर्धीमुर्धी, कारण सिगरेट ओढणाऱ्याचं किंवा लिव्हरचं दुखणं असलेल्याचंपण वाढतं आणि काहींचा कॅन्सर परत आला तरी हे जागचं हलत नाही.

आता पुण्याच्या भावानं ग्रुपवर सीटीडीएनए टाकलंय, म्हणजे रक्तात कॅन्सरचा डीएनए शोधायची टेस्ट. कॅन्सरच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात पडतात आणि काही तासांत साफ होतात, म्हणजे ऑपरेशननंतर काही आठवड्यांनीसुद्धा ते सापडले तर आत कुठंतरी काहीतरी शिल्लक आहे. कुठं, ते मात्र सांगत नाही हं! काही टेस्टमध्ये आधी गाठीचा डीएनए वाचून त्यातले बदल रक्तात शोधतात, त्यासाठी ऑपरेशनच्या वेळी गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवलेला ब्लॉक लागतो, काडेपेटीपेक्षा लहान असतो तो, आणि आमच्यात कुणालाच माहीत नाही तो सध्या कुठं आहे.

फायदा आहे, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या, स्टेज दोनच्या ४५५ पेशंटवर अभ्यास झाला, २०२२ ला छापून आला. टेस्ट बघून केमो ठरवली तर १५ टक्के लोकांनाच द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के, आणि दोन वर्षांत आजार परत येण्यात म्हणावा असा फरक नाही. केमोत माणसाचं काय होतं ते ज्यानं घरात बघितलंय त्याला हे केवढं मोठं आहे ते सांगायला नको.

पण उलटंपण आहे. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये सीए १२५, म्हणजे सीईएसारखंच रक्तातलं एक प्रोटीन, वाढल्या वाढल्या केमो सुरू केली काय आणि त्रास व्हायला लागल्यावर केली काय, बायका जगल्या तेवढ्याच, हे २०१० लाच दिसलंय. लवकर कळलं म्हणून लवकर केमो, आयुष्य तेवढंच. आणि सीटीडीएनएचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सीटी स्कॅन चुकवायचा हा तर शुद्ध येडेपणा, फुफ्फुसातली बारकी गाठ रक्तात फारसं काही सोडतच नाही कधीकधी.

मामांनी एकच विचारलं, "पॉझिटिव्ह आलं आणि स्कॅन क्लीन असला तर डॉक्टर करणार काय?" ग्रुपवर सगळे गप्प. पुढच्या ओपीडीला हाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेणाराय, आणि खाली, ब्लॉक कुठं आहे.