नेट नेमकं कुठे अडकतं ते सांगणारी स्क्रिप्ट, आता पुढे काय झालं

तर मंडळी, घरच्या रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) चालणारी माझी नेट तपासायची बॅश स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, आता बरीच सुधारली. आधी ती फक्त चालू की बंद एवढंच लिहायची, पण तेवढ्यानं काय कळतं, राउटर मेला का, बाहेरची लाइन गेली का, का नुसतं डीएनएस (साइटच्या नावाचा आयपी पत्ता शोधून देणारी सोय) झोपलं, तिन्हीचा उपाय वेगळा आहे ना.

म्हणून आता पहिले राउटरला पिंग (उत्तर देतो का ते बघायची हाक), मग थेट 1.1.1.1 ला, म्हणजे क्लाउडफ्लेअरच्या बाहेरच्या सर्व्हरला, आणि शेवटी लाइनवाल्याच्या डीएनएस सर्व्हरला डिग या कमांडने एक नाव विचारायचं. जिथे पहिल्यांदा उत्तर येत नाही तिथेच बिघाड. राउटरचा पत्ता हाताने लिहून ठेवू नका, 'आयपी राउट शो डिफॉल्ट'च्या ओळीतला तिसरा शब्द ऑकने (ओळीतून शब्द काढायची कमांड) उचला, राउटर बदलला तरी स्क्रिप्ट चालते. पिंगचं उत्तर आलं तर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा) 0 येतो, नाही आलं तर लिनक्सवर 1. डिगचं मात्र वेगळं आहे, नाव अस्तित्वातच नसलं तरी तो 0 देतो आणि सर्व्हरकडून काहीच आलं नाही तरच 9, म्हणून कोड आणि आउटपुट दोन्ही बघायचे. मॅकवाल्यांनी पिंगचा मोठा डब्ल्यू (उत्तराची किती वाट बघायची तो पर्याय) जपून वापरा, लिनक्सवर तो सेकंदात असतो, मॅकवर मिलिसेकंदात, म्हणजे तिथे 2 लिहिलं की चांगली लाइनसुद्धा बंद दिसणार. आणि वर 'सेट मायनस ई' (कमांड फेल झाली की थांब) असेल तर पिंग इफच्या आतच ठेवा, नाहीतर पहिल्याच फेल पिंगला स्क्रिप्ट गुंडाळते.

क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट दर मिनिटाला चालवून राहिला आहे, आधीची फेरी अडकली तर दुसरी वर चढू नये म्हणून फ्लॉक मायनस एनचं कुलूप. लॉगमध्ये ओळ फक्त स्थिती बदलली की पडते, जुनी स्थिती डेव्ह एसएचएममध्ये म्हणजे रॅममध्ये ठेवतो, एसडी कार्ड घासत नाही.

आता आपल्या नागपूरचा मुद्दा. मे महिन्यात बाहेर 45 आणि रास्पबेरी पाय बंद खोलीत, 80 डिग्रीला तो स्वतःच स्पीड कमी करतो. म्हणून थर्मल झोन झिरोच्या फाइलमधला पायच्या तापमानाचा आकडा 1000 ने भागून प्रत्येक ओळीत टाकतो, बिघाड लाइनचा आहे का पायचा हे लगेच वेगळं पडतं. ही एक ओळ मला सगळ्यात कामाची वाटते. पाय 60 च्या आसपास, राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचं मात्र दुपारीच जातं असा लॉग लाइनमनला दाखवला तर तो घरातलं काहीच न तपासता सरळ गच्चीवरच्या डब्याकडे गेला, उन्हानं तापलेला जॉइंट बदलला, तेव्हापासून दुपारची लाइन टिकून आहे.

पुढे बाहेरची लाइन गेली की लगेच एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर पॅकेट कुठे हरवतात ते दाखवणारी कमांड) रिपोर्ट मोडमध्ये चालवून सेव्ह करायचं बघून राहिलो. कोणी हे आधी केलं असेल तर किती पॅकेट ठेवता ते सांगा, मी 10 वर सुरू करतोय.