एका ‘टी’पायी गेलेले नऊ दिवस

‘० मॅचेस इम्पोर्टेड’, म्हणजे एकही जुळणी आत घेतली नाही. ही ओळ मी नऊ दिवस पाहिली. आता झोपेतही दिसते.

काम तसं साधं होतं. भात आणि ज्वारीच्या वाटा साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, तरी दोघांच्या गुणसूत्रांवर जनुकांची रांग बऱ्याच ठिकाणी अजून तशीच आहे. आयआर ८ या जातीच्या भाताला बुटकं करणारं एसडी१ जनुक भाताच्या १ नंबरच्या गुणसूत्रावर असतं. त्याचे शेजारीपाजारी ज्वारीत कुठे आहेत, एवढंच मला हवं होतं. प्रथिनांच्या फायली उतरवल्या, रात्री ब्लास्ट, म्हणजे एकमेकांसारखी प्रथिनं शोधणारा प्रोग्रॅम, लावला, सकाळी जुळण्या तयार.

मग एमसीस्कॅनएक्स, म्हणजे त्या जुळण्यांतून सारख्याच रांगेतल्या जनुकांचे पट्टे शोधणारा प्रोग्रॅम. दिलेल्या सगळ्या जुळण्या त्यानं टाकून दिल्या आणि गप्प बसला. काही चुकलंय असंही म्हणेना! मला वाटलं, निकष कडक असतील. सलग पट्टा धरायला किमान ५ जनुकं लागतात, ती ३ केली. मधल्या खंडांची मुभा २५ वरून ५० केली. शून्यच. ब्लास्ट पुन्हा लावला, त्यात आणखी दोन रात्री.

नवव्या दिवशी शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, “दोन्ही फायलींतली पहिली ओळ एकाखाली एक ठेव बरं.” ठेवली. ब्लास्टच्या फायलीत ‘ओएस०१टी०१००१००-०१’, जनुकं गुणसूत्रावर कुठे आहेत ते सांगणाऱ्या जागांच्या फायलीत ‘ओएस०१जी०१००१००’. टी म्हणजे ट्रान्सक्रिप्टचं (जनुकाच्या आरएनए नकलेचं) नाव, जी म्हणजे जनुकाचं. आपल्याला कळतं, प्रोग्रॅमला नाही; त्याला अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. टीचा जी केला, मागचं ‘-०१’ छाटलं, चालवला. शून्य! मी उठून सरळ चहाला गेले. परत आल्यावर दिसलं, ज्वारीच्या प्रथिनांनाही ‘.१.पी’ असं शेपूट होतं. तेही छाटलं, आणि पुढचं सगळं दोन मिनिटांत आटपलं. दोन मिनिटं!

हो, शेपूट छाटण्याआधी दर जनुकामागे सर्वांत लांब असं एकच प्रथिन ठेवा, नाहीतर एकच जनुक तीन-चारदा मोजलं जातं. आणि जागांच्या फायलीला जीएफएफ म्हणत असले तरी तिला चारच रकाने लागतात: गुणसूत्र, जनुक, सुरुवात, शेवट. उतरवलेली नऊ रकान्यांची फाईल तशीच देऊ नका. तोही एक दिवस माझा गेलाय, तो नवात धरलेला नाही.

ठिपक्यांचं चित्र मात्र बघण्यासारखं: एका बाजूला भाताची गुणसूत्रं, दुसऱ्या बाजूला ज्वारीची, जुळणाऱ्या जनुकांना ठिपका. ज्वारीच्या ३ नंबरच्या गुणसूत्रावर भाताचा १ जवळजवळ अख्खा तिरका उतरलेला. ज्वारीच्या १ मध्ये दोन्ही टोकांना भाताचा ३ आणि मधोमध भाताचा १० घुसवलेला. ज्वारीच्या ३ समोर भाताच्या ५ ची फिकट, तुटक रेघही दिसली. ती चूक समजून मी पुसायलाच निघाले होते. पुसू नका. गवतकुळात फार पूर्वी, भात-ज्वारी वेगळे होण्याच्याही आधी, अख्खा जीनोम, म्हणजे गुणसूत्रांचा सगळा संच, दुप्पट झाला होता, त्याची ती खूण आहे.

चित्र घेऊन धावत सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर केला. “छान. ज्वारीचा जीनोम २००९ साली आला, तेव्हापासून हे माहीत आहे. एसडी१चं काय झालं?”

ज्वारीच्या ३ वर, शेजाऱ्यांसकट.