कोयी मुतला

सकाळी उठलो तर मानेवर, कानाखालून थेट कॉलरच्या हाडापर्यंत, तापलेली तार टेकवावी तशी लाल रेघ. हात लावला की आग. मामीनं चहाची कपबशी खाली ठेवली, माझी मान उजेडाकडे वळवली आणि एका नजरेत निकाल दिला, "कोयी मुतला तुह्यावर."

वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे आमच्याकडे कोळीही कोयी. मामी गेरू उगाळायला बसली. मामा म्हणाले, "झोपताना गोधडी झटकत जा." शेजारच्या काकू आल्या, त्यांनीही तेच निदान केलं. पंचायत बसली, पंचनामा झाला, आरोपी ठरला. फक्त आरोपीला कोणी काही विचारलं नव्हतं.

श्रावणातले दिवस, बाहेर झड लागलेली, वावरात पाय ठेवायची सोय नाही. रिकामटेकडा होतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च घेऊन घरातले सगळे कोळी हुडकायला निघालो.

पहिला सापडला न्हाणीच्या कोपऱ्यात. पाय केसासारखे आणि शरीराच्या मानानं भलते लांब. जळमटं झाडताना फड्याला जे चिकटतं, त्यातलं निम्मं याच्याच घरचं. बोट नेलं की हा अंगात आल्यासारखा घुमायला लागतो, इतक्या वेगानं की नुसता धुरकट गोळा दिसावा. घाबरवायचं एवढंच साधन त्याच्याकडे. मादी तर अंडी तोंडात धरून बसते, ती कोणाला काय चावणार?

दुसरा कॅलेंडरच्या मागे. याला पाहून मीही एक पाऊल मागे आलो, खोटं कशाला सांगू. तळहाताएवढा पसारा, तपकिरी, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला फाकलेले. हा जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं धरतो. ही मादी होती. पोटाखाली नाण्याएवढी पांढरी चपटी चकती धरून बसली होती. ती अंड्यांची पिशवी. पिल्लं निघेपर्यंत ती अशीच घेऊन फिरणार. मुठीत दाबली तर चावेल, दुखेल, सूजही येईल. पण धडधाकट माणसाच्या जिवाला धोका नाही. आणि तिला कोण मुठीत दाबायला जातंय! टॉर्च पडताच ती चौकटीमागे इतक्या झपाट्यानं गेली की दोघांपैकी जास्त कोण घाबरलं, हे सांगणं कठीण.

खिडकीत बसलेला तिसरा मात्र माझा लाडका. नखाएवढा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि समोर दोन मोठे टपोरे डोळे. एकूण आठ, पण बघण्याचं काम मुख्यतः या दोघांचं. आपण डावीकडे सरकलो की तोही वळून बघतो. बाकीचे बहुतेक कोळी बिचारे थरथरीवर जगतात. हा तुम्हाला पाहतो. उडी मारण्याआधी मागे एक धागा चिकटवतो, विहिरीत उतरणारा माणूस कमरेला दोर बांधतो तसा. गंमत म्हणजे कोळ्याचे पाय आखडायला स्नायू असले तरी मोठ्या सांध्यांत ते सरळ करायला नसतात. शरीरातला द्रव दाबानं पायात ढकलला की पाय ताठ होतो. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं हायड्रॉलिकच समजा. मेलेल्या कोळ्याचे पाय मुठीसारखे आत मिटलेले असतात ते याचमुळे. दाब गेला, ट्रॉली खाली.

झड उघडल्यावर वावराकडे चक्कर टाकली. धुऱ्यावर दोन तुरींच्या मध्ये गोल जाळं, आणि त्यात जाड पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली. फुलीवर पाय जोडीजोडीनं ठेवून, डोकं खाली करून पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची मादी बसलेली. इंग्रजीत याला सहीवाला कोळी म्हणतात. सातबाऱ्यावर सही मामांची, वावरावर सही हिची. पलीकडच्या बाभळीवर वाळक्या पानांचा, कचऱ्याचा एक मळकट गोळा लोंबत होता. ते कोळ्यांचं एकत्र कुटुंब. शेकडोंनी राहतात, शिकार मिळून धरतात, आणि पिल्लं मोठी होताना आईलाच खाऊन टाकतात. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे असतं, ते किड्यांसाठी. जगात पन्नास हजारांहून जास्त जातींची नोंद झालीय. त्यात माणसाला खरोखर जड जातील अशा अगदी थोड्या. तकतकीत काळी, मण्यासारख्या गोल पोटाची आणि पोटावर लाल खूण असलेली दिसली तर मात्र हात लांब ठेवावा. तशी चावली आणि पोटात गोळे, घाम, मळमळ सुरू झाली तर गेरू उगाळत न बसता दवाखाना गाठावा. व्हॉट्सॲपवर जो मांस सडवणारा तपकिरी कोळी फिरतो, त्याचं घर अमेरिकेत. आपल्या न्हाणीत नाही. आणि धोकाच मोजायचा तर २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटीवरचे तुडतुडे फुकटात खाणारे कोळीही त्याच फवाऱ्यानं मरतात.

बरं, मग मानेचं काय? कोळ्याची विष्ठा चुन्याच्या ठिपक्यासारखी भिंतीवर दिसते, तिनं कातडी जळत नाही. खरा गडी रात्री सापडला. ट्यूबलाइटखाली, उशीपासून वीतभर अंतरावर. मुंगीसारखा सडपातळ किडा, सेंटीमीटरभरही नाही. डोकं काळं, मान नारिंगी, पाठीवर निळसर चमकणारे तोकडे पंख, पोट पुन्हा नारिंगी आणि टोक काळं. भुंग्याच्याच जातकुळीतला. हा चावत नाही, डंख मारत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येतो, अंगावर बसतो, आणि आपण झोपेत त्याला चिरडतो. त्याच्या अंगातल्या रसात विष असतं. चिरडून हात जिकडे ओढला, तिकडे रेघ. आणि आग उठते एक-दोन दिवसांनी, तोवर किडाही नाही आणि पुरावाही नाही. कोपराच्या घडीत लागलं तर हात मिटल्यावर समोरच्या कातडीवरही तस्साच छाप उमटतो.

आमच्या घरात या किड्याला कोणी नावानं ओळखत नाही. कोळ्याला ओळखतात. शिवाय तो कोपऱ्यात उघड्यावर बसलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

सकाळी मामीला सगळं सांगितलं. किडा कागदावर घेऊन दाखवला. अंगावर बसला तर मारायचा नाही, फुंकर मारायची. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवायचं. झोपताना दिवा बंद. मामीनं चष्मा लावून किडा नीट पाहिला, हुं म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

चार दिवसांनी काकूंचा पोट्टा रडत आला. दंडावर तशीच रेघ. मी कान टवकारले. मामीनं त्याचा दंड साबणानं धुतला, "रातच्याले लाइट बंद करत जा रे, किडे येतात" म्हणून दटावलं, मग सहाणेवर गेरू घेतला.

"काय झालं त्याले?" काकूंनी दारातूनच विचारलं.

"काही नाही वं," मामी उगाळता उगाळता म्हणाली, "कोयी मुतला."